वैशाखात मलप्रभेच्या उलट्या वाटेनं

"मेमध्ये गोकाकला जाऊन काय बघणार? दगड?"

वकील असं म्हणाला आणि आमचा बेत तिथंच मोडला. खोटं नव्हतं त्याचं. पावसाळ्यात घटप्रभा तिथं १७० फुटांवरून कोसळते, पण वैशाखात तो कडा म्हणजे नुसती काळी भिंत. मग फौंड्रीवाल्यानं गोव्याचं नाव काढलं. बेळगावच्या माणसाला दोन दिवस सुट्टी मिळाली की त्याचं तोंड आपोआप गोव्याकडं वळतं, हे आमच्या गावाचं जुनं दुखणं आहे. शहापुरातल्या कट्ट्यावर अर्धा तास यावरच गेला. शेवटी मास्तर बोलला. "नदी वाळलेली असते तेव्हाच तिच्या काठाकाठानं जायला येतं. मलप्रभा धरू. खालनं वर."

मलप्रभा कणकुंबीजवळ उगवते आणि सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेकडं जाऊन बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेत मिळते. आम्ही त्यातला फक्त बेळगाव जिल्ह्यातला तुकडा करायचा ठरवलं: सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणापासून उलटं कणकुंबीपर्यंत. चार दिवस, तीन रात्री, लॉज नाही.

आम्ही पाच जण. मास्तर खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर, त्यामुळे मे महिना त्याचा मोकळा. वकील कोर्टाच्या सुट्टीतला. फौंड्रीवाल्याची जीप, वयानं त्याच्या थोरल्या पोरापेक्षा मोठी. गौडा मुनवळ्ळीकडचा, घरी कन्नड, आमच्यात मराठी, शिव्या दोन्हीत. आणि मी, उद्यमबागेत मशीन शॉपवाला. दोन तंबू एका ट्रेकिंग करणाऱ्या मित्राकडून उसने आणले. "नीट वाळवून परत द्या" एवढंच तो म्हणाला होता. ते वाक्य मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरलो.

पहिला दिवस

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, साडेआठला निघालो. वकील. पुढं काही लिहीत नाही.

नेसर्गी गेली, यरगट्टी आली, आणि गाडीच्या दोन्ही अंगांना काळी रेगड जमीन सुरू झाली. मेमध्ये ही जमीन बघण्यासारखी असते. हात आत जाईल एवढ्या भेगा, शेतात एक हिरवं पान नाही, बांधावर बाभळी. घरांना कौलं दिसेनाशी झाली आणि सपाट माळवदं दिसायला लागली. इथं पाऊस इतका बेताचा की छपराला उतार द्यायची गरजच कुणाला पडली नसावी. हे मी तेव्हा सहज बोललो. मास्तरानं लगेच बोट वर केलं. "हेच लक्षात ठेव. वर जाऊ तसं छप्पर कलत जाणार बघ." मास्तर सुट्टीतही मास्तरच.

सौंदत्तीचं जुनं नाव सुगंधवर्ती. रट्ट घराण्याची राजधानी आधी इथं होती, नंतर ते वेणुग्रामाला, म्हणजे आमच्या बेळगावला आले. गौड्यानं हे ऐकलं आणि चार दिवस पुरवून पुरवून वापरलं. "तुमचं गाव म्हणजे आमच्या गावची ब्रँच."

यल्लम्माच्या डोंगरावर मंगळवार नसूनही गर्दी होती. कोल्हापूरकडचे दोन टेम्पो उभे, बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडलेल्या, पुरणाचा वास सुटलेला. "उदं गं आई उदं" मराठीतून आणि "उधो उधो" कन्नडमधून, एकाच पायरीवर. भंडारा असा उधळलेला की वकिलाचा पांढरा शर्ट परत पांढरा झाला नाही. एक म्हातारी जोगतीण डोक्यावर देवीचा जग घेऊन सावलीत बसली होती. मुली देवीला सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात १९८२ साली बंदीचा कायदा झाला. तिचं वय पाहता तो तिच्यासाठी फारच उशिरा आला असावा. वकिलानं हळूच तिच्या परडीत नोट ठेवली. तिनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला, आणि डोंगर उतरेपर्यंत तो गप्प होता. आमच्या ओळखीत असं पहिल्यांदाच झालं.

दुपार टळल्यावर नविलुतीर्थला गेलो. नविलु म्हणजे कन्नडमध्ये मोर. गौड्यानं सांगितलेली गोष्ट अशी: नदी वाहत आली तर समोर डोंगर आडवा. वर एक मोर बसलेला, तो तिला हसला, आता कशी जाशील म्हणून. नदीला राग आला आणि तिनं डोंगर उभा चिरला, मोरासकट. तो चिरलेला डोंगर समोर दिसत असताना ही गोष्ट खोटी वाटत नाही. दोन्हीकडं तांबूस खडकाचे कडे, मधे खिंड, आणि त्याच खिंडीचा फायदा घेऊन १९७० च्या दशकात धरण उभं केलेलं. मोर हरला, पाटबंधारेवाले जिंकले. जलाशयाचं नाव रेणुकासागर, कारण यल्लम्मा म्हणजेच रेणुका. मेअखेरीचं पाणी खूप आत सरकलेलं, काठावर चिखलाच्या पायऱ्या पायऱ्या, प्रत्येक पायरी म्हणजे उन्हाळ्यातला एकेक आठवडा.

मुक्काम गौड्याच्या काकांच्या शेतात, बॅकवॉटरच्या कडेला. "बर्री, बर्री" म्हणत काका बांधावरच उभे. आम्ही शिताफीनं तंबू काढले आणि मग कळलं की खुंट्या जमिनीत राहतच नाहीत. हातोडीचा एक घाव घातला की खुंटी आख्खी भेगेत गडप. एक तर इतकी आत गेली की दोन बोटं घालूनही लागेना. ती अजून तिथंच आहे, पावसाळ्यात जमीन मिटली की कायमची. काका शांतपणे बघत होते. मग बांधावरचे दगड आणून आम्ही दोऱ्या दगडांना बांधल्या. एका तंबूची एक काठी कमी होती. तिथं काकांनी तुरीची जाड काठी आणून दिली, आणि ती पुढच्या रात्रीपर्यंत तंबूत राहिली.

रात्री काकूंनी घरून जेवण पाठवलं, तेव्हा आमचा स्टो पेटलाच नव्हता हे बरं झालं. ज्वारीची कडक भाकरी, वांग्याची एण्णेगाई, शेंगाचटणी आणि मातीच्या गाडग्यातलं दही. "ऊट माडरी, ऊट माडरी" म्हणत काका भाकरी वाढतच राहिले. ही कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि आठवडा टिकते. काकूंनी निघताना वीस बांधून दिल्या. गौड्यानं त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, "हे सगळे भात खाणारे, दातांनी यांचं होत नाही." मला तेवढं कन्नड समजतं.

झोप नीट लागली नाही. रात्री पाण्यावरून गार वारा आला, ते छान होतं, पण एक टिटवी रात्रभर आमच्या तंबूभोवती ओरडत फिरत होती. सकाळी कारण कळलं: तंबूपासून दहा पावलांवर उघड्या ढेकळांत तिची चार अंडी. आम्ही रात्री तिच्या अंगणात तंबू ठोकला होता.

दुसरा दिवस

बैलहोंगलहून संगोळी, तिथून मुगुतखान हुबळी. संगोळी हे इंग्रजांशी लढलेल्या रायण्णाचं गाव, मलप्रभेच्याच काठचं. मुगुतखान हुबळीला सगळे 'एम. के. हुबळी' म्हणतात, आणि पुण्याहून बेंगळुरूला जाणारा महामार्ग इथं नदी ओलांडतो. मी या पुलावरून आयुष्यात दोनशे वेळा तरी गेलो असेन. खाली उतरलो पहिल्यांदाच. नदीच्या पात्रात बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिकेचा ऐक्यमंडप, म्हणजे समाधी आहे, विहिरीसारखा गोल, आत पायऱ्या उतरत जातात. खाली गारवा. वर ट्रकचे हॉर्न आणि खाली पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज. याच नदीच्या शेवटाला, कूडलसंगमला, बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ. आम्ही नदी उलटी चाललो होतो म्हणून आमच्यासाठी नवरा खाली राहिला आणि बायको वर भेटली, असं फौंड्रीवाला म्हणाला. गौडा लिंगायत, त्याला हे फार आवडलं नाही, पण हसला.

कित्तूरला ऊन एवढं की किल्ल्यात आमच्याशिवाय फक्त शेळ्या. कित्तूरच्या राणी चन्नम्माची गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना तोंडपाठ असते: दत्तक वारस कंपनीनं नाकारला, आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढं किल्ला पडला, राणी बैलहोंगलला कैदेत गेली आणि १८२९ मध्ये तिथंच वारली. वाड्याच्या पडक्या भिंती अजून हातभर जाड उभ्या आहेत. एका भिंतीत ध्रुवतारा बघायला केलेलं भोक दाखवतात. भर दुपारी पाचही जणांनी आळीपाळीनं त्यातून बघितलं. निळं आभाळ दिसलं.

कित्तूरहून बिडीच्या रस्त्याला लागलो आणि जीपच्या बॉनेटखालून वाफ यायला लागली. रेडिएटरचा पाइप फाटलेला. ही माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेजारच्या वस्तीवरून जुनी सायकलची ट्यूब मागून आणली, पट्टी कापली, पाइपाभोवती ताणून गुंडाळली आणि वर तार आवळली. हे चालतं, खानापूरपर्यंत चाललं. पण रेडिएटर रिकामा, आणि आमचे कॅन? दुपारी कित्तूरला हातपाय धुण्यात गेलेले. कुणाच्या? वकिलाच्या.

तेवढ्यात एक बाई डोक्यावर घागर, कमरेला दुसरी घेऊन येत होती. पस्तिशीची असेल. आम्ही विचारायच्या आधीच तिनं वाफ बघितली होती.

"पाणी पायजे व्हय?"

मास्तर म्हणाला, "असू दे ताई, बोअर कुठं आहे सांगा, आम्ही आणतो."

"लांब हाय. आणि आता लाइट गेली." तिनं कमरेची घागर खाली ठेवली. "घ्या. मी जाते आणि एकदा."

फौंड्रीवाला घागर दोन्ही हातांत धरून रेडिएटरमध्ये ओतत होता, आणि ती बाजूला उभी राहून बघत होती. पाणी गुडगुड करत आत गेलं. ती हसली. "गाडीबी पिती की. मला वाटलं नुसतं डिझेलच."

आम्ही तिला घरापर्यंत सोडतो म्हटलं तर नको म्हणाली, गाडीचा भरवसा नाही म्हणून. पैसे देऊ केले, तेही नको. मग मास्तरानं गाडीतून सात कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी काढून दिली. ती तिनं घेतली, एक भाकरी वाजवून बघितली आणि विचारलं, "सौंदत्तीकडची?" तिची बोली मराठी होती, तिच्यात कन्नड मिसळलेली. इथून पुढं दुकानांच्या पाट्या कन्नड आणि दुकानातलं बोलणं मराठी, असा प्रकार सुरू होतो. १९५६ साली राज्यांची रचना झाली तेव्हापासून ही रेघ कुठं मारायची यावर भांडण चालू आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. माझे वडील या आंदोलनात लाठ्या खाऊन आलेले, त्यामुळे मी यात तटस्थ आहे असं म्हणणार नाही. पण दोन दिवस नदीच्या काठानं आल्यावर ती रेघ मला नेमकी कुठं दिसली असं विचाराल, तर भाकरी जिथं जाड आणि मऊ व्हायला लागली तिथं कुठंतरी.

नंदगडला पोचायला संध्याकाळ झाली. वडाखाली रायण्णाची समाधी. २६ जानेवारी १८३१ ला त्याला इथं फाशी दिलं. कित्तूर पडल्यानंतरही तो या रानातून लढत राहिला होता. वडाखाली दोन पोरं मोबाइलवर गेम खेळत होती, बाकी सामसूम. पाच मिनिटं थांबलो आणि उजेड आहे तोवर हलशी गाठायची म्हणून निघालो.

हलशीच्या कडेला मास्तराच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची आंब्याची बाग. माती आता तांबडी. खुंट्या लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. स्टो पेटला, पिठलं-भात झाला, बागवाल्यांनी पाडाचे आंबे दिले. मी म्हटलं, आजची रात्र खरी. नऊला पश्चिमेकडं वीज चमकली. बागवाला म्हणाला, "वळीव येतोय. शाळेच्या व्हरांड्यात जावा." वकील म्हणाला, "तंबू वॉटरप्रूफ आहे."

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. वकिलाचं वाक्य नंतर पोरांनी पूर्ण केलं: तंबू वॉटरप्रूफ हाय, खरं तुरीची काठी न्हवं. साडेदहाला वारा आला, काठी मोडली, तंबू आमच्या तोंडावर बसला, आणि लगेच गारा. ओल्या कापडाखाली तिघं जण एकमेकांच्या पोटावर गुडघे देत चेन शोधत होतो. बाहेर आलो तर आंबे धपाधप पडताहेत, त्यातला एक गौड्याच्या टाळक्यात. मग अंथरुणं डोक्यावर घेऊन चिखलातून शाळेपर्यंत पळालो. व्हरांड्यात आधीच चार कुत्री आणि एक म्हैस होती. त्यांनी जागा दिली.

तिसरा दिवस

सकाळी हलशी धुऊन काढलेली. हे गाव म्हणजे जुनं पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. इथं त्यांचे पाचव्या शतकातले ताम्रपट सापडले. नंतर गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात भूवराह-नरसिंहाचं देऊळ बांधलं, ते आज गावाच्या मधोमध उभं आहे. पायऱ्यांपायऱ्यांचं शिखर, ओल्या दगडाला ऊन लागून वाफ निघत होती. आत समोरासमोर दोन गाभारे. एकीकडं नरसिंह, दुसरीकडं भूदेवीला उचलून धरलेला वराह, जवळजवळ माणसाच्या उंचीचा. मधे उभं राहिलं की पंचाईत होते: एका देवाला हात जोडले की दुसऱ्याला पाठ. फौंड्रीवाल्यानं यावर उपाय काढला, तो मधे आडवा उभा राहिला आणि दोन्हीकडं एकेक हात केला. पुजाऱ्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "असं केलेलं पहिल्यांदा बघतोय." मला वराहाच्या नाकपुडीवरची चमक लक्षात राहिली. आठशे वर्षांच्या तेलाची.

खानापूरला फक्त जीपचा पाइप, चहा आणि नव्या खुंट्या एवढ्यासाठी थांबलो. खानापूर आमच्या लहानपणी मला कौलांचं गाव म्हणून माहीत. आजोळच्या वाटेवर कौलांच्या राशी लागायच्या. मास्तरानं वर बोट केलं. कलती छपरं. "सांगितलं होतं ना."

असोग्याला नदी परत भेटली. खडकाळ पात्र, प्रवाह असा नाही, पण खडकांच्या मधे हिरवेगार डोह, आणि काठाला रामलिंगाचं देऊळ. दोन तास पाण्यातून बाहेर आलो नाही. वकील चष्मा घालूनच डोहात उतरला आणि दोन मिनिटांनी चष्म्याशिवाय वर आला. काठावर एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा म्हशी धूत होता. तो पाण्यात उभा राहून पायाच्या बोटांनी तळ चाचपडू लागला. डोकं वर, चेहरा शांत, जसा काही अंधारात चप्पल शोधतोय. मग बुडी मारली आणि चष्मा दातांत धरून वर आला. वकिलानं शंभराची नोट दिली. पोरानं ती कानावर खोचली, जरा विचार केला आणि म्हणाला, "आणि एकदा टाका की."

जांबोटीच्या पुढं रस्ता जंगलात शिरला आणि बाहेरचं ऊन एकदम बंद झालं. दोन दिवसांपूर्वी आम्ही भेगाळलेल्या रेगडीत होतो, तोच जिल्हा. डाव्या हाताला पसरलेलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. मास्तराचा आवडता विषय म्हणजे तिथल्या बारापेडे गुहेतली रॉटनची वटवाघळं, जगात फार थोड्या ठिकाणी दिसणारी. भीमगडचा किल्ला बघायचा माझा फार हट्ट होता, पण परवानगीशिवाय आत जायला येत नाही आणि परवानगीचं काम वकिलाकडं होतं.

नदीकाठी तंबू टाकायचा विचार रस्त्यावर भेटलेल्या वनरक्षकानं एका वाक्यात संपवला: "करवंदं पिकल्यात, अस्वलं काठावरच असतात." मग आम्ही मास्तराच्या सहकाऱ्याच्या घरी गेलो आणि खळ्यात तंबू ठोकला. ओला तंबू उघडला तेव्हा त्यातून हलशीचा आंबा निघाला, पूर्ण पिकलेला. घरच्या आजींनी नाचणीची भाकरी, फणसाची भाजी आणि सोलकढी वाढली. बोलणं मराठीच, पण चालीला कोकणी हेल. आजींनी विचारलं, "खंयसून इलात?" आम्ही सौंदत्तीहून म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. त्यांची सासू यल्लम्माला चालत जायची, आठ दिवसांची वाट.

जेवण झाल्यावर आजींच्या नातवानं दिवा मालवायला सांगितला. खळ्याच्या कडेचा ऐनाचा वृक्ष काजव्यांनी पेटला होता. एक लुकलुकला की फांदीभर, मग झाडभर, मग सगळं एकदम काळं, आणि परत. एरवी आम्ही पाच जण दोन मिनिटं गप्प बसत नाही. त्या रात्री कुणी मोबाइल काढला तर नातू ओरडायचा, "उजेड करू नका, ते विझतात." पहाटे खळ्यापलीकडं काहीतरी जड चालल्याचा आवाज आला. आजी सकाळी म्हणाल्या गवे होते. गौडा म्हणाला म्हैस होती. शेणाचा पो बघून निर्णय आजींच्या बाजूनं लागला.

चौथा दिवस

कणकुंबी. माउलीचं देऊळ, रामेश्वराचं देऊळ, आणि तिथलं दगडी बांधणीचं कुंड. मलप्रभा इथं सुरू होते. पाणी स्वच्छ, तळाची पानं मोजता येतील इतकं, आणि पुढं निघणारी धार माझ्या मनगटाएवढी. नविलुतीर्थला जी नजरेत मावत नव्हती तिच्यावरून गौडा इथं एक पाय टाकून पलीकडं गेला, परत अलीकडं आला, परत पलीकडं गेला. चार-पाच वेळा. कुणी काही बोललं नाही. मग त्यानं चप्पल काढली, धारेत हात घातला आणि पाणी डोळ्यांना लावलं. "आमच्या काकाचं पाणी," म्हणाला.

कणकुंबीपासून थोडं पुढं गेलं की कळसा नाल्याचं काम दिसतं, डोंगरात खणलेला कालवा. इथं पाणी कुठं जायचं हे इंचांवर ठरतं. रस्त्याच्या या बाजूला पडलेला थेंब मलप्रभेतून कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात, त्या बाजूला पडलेला म्हादईतून मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात. म्हादईकडचं पाणी मलप्रभेकडं वळवून हुबळी-धारवाडला प्यायला द्यायचं ही कर्नाटकची योजना, आणि गोव्याचा तिला विरोध. लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांचं मिळून ३.९ टीएमसी वळवायला. भांडण अजून कोर्टात आहे. वकिलानं आम्हाला यावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं, आणि खरं सांगायचं तर चार दिवसांत त्यानं केलेलं हे एकच उपयोगी काम. फौंड्रीवाल्याची बहीण हुबळीत. तिथं नळाला पाणी आठवड्यानं येतं असं तो म्हणाला. मास्तर म्हणाला, म्हादई आटली तर हे रान आटेल. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे वाद मिटला नाही, चोर्ल्याच्या वळणापर्यंत चालला.

चोर्ला घाटात गाडी बाजूला घेऊन उभे राहिलो. खाली गोवा, शेजारी महाराष्ट्र, पायाखाली कर्नाटक. जवळचं आमगाव राज्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या गावांपैकी एक. ढग खालून वर येत होते, आणि आमचे मोबाइल दर मिनिटाला वेगवेगळ्या राज्यांच्या स्वागताचे मेसेज दाखवत होते. "चला की, एवढ्यात पणजी," फौंड्रीवाला म्हणाला. चार दिवस त्यानं हे वाक्य दाबून ठेवलं होतं. चौघांनी मिळून त्याला ड्रायव्हरच्या सीटवरून उठवलं.

संध्याकाळी बेळगावात शिरताना जोराचा पाऊस. तंबू आमच्या गच्चीवर वाळत घातले, दुसऱ्या दिवशी आईनं ते परत भिजवून धुतले, कारण त्यातून आधी तांबडी माती निघाली, मग काळी निघाली, आणि मग टिटवीचं एक पीस. एक खुंटी कमी, एक काठी कमी. मित्राला नवीन घेऊन दिली.

हिशोब प्रत्येकी दोन हजार एकशे चाळीस आला. वकिलाचे अजून यायचे आहेत.